भामामावशीची फिटकरी

सत्यभामाबाई वानखेड्यांसमोर कुणी 'घाण' हा शब्द सहज काढायची सोय नव्हती. काढलाच, तर त्या उठून बादली आणि फडकं आणत. रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या त्यांच्या दोन खोल्या दिवसातून दोनदा पुसल्या जात, आणि पाहुणा उठून गेला की तो टेकून बसलेली भिंतसुद्धा. यजमान दिवाकरराव रेल्वेतून निवृत्त झाले तेव्हा म्हणाले होते, "मी सुटलो, पण या घरातल्या फडक्याले काही पेन्शन नाई."

बाई मूळच्या भंडाऱ्याकडच्या. एक्क्याऐंशी साली लग्न होऊन रायपूरला आल्या तेव्हा हे गाव मध्यप्रदेशात होतं. मॅट्रिक झालेल्या, हाताच्या स्वच्छ, म्हणून शहरातल्या एका सरकारी संस्थेच्या लॅबमध्ये काचेची भांडी धुवायच्या कामावर लागल्या. तिथल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्यांना काचपट्टीवर रंग चढवायला आणि सूक्ष्मदर्शकातून जंतू ओळखायला शिकवलं. पुढे परीक्षा देऊन त्या टेक्निशियन झाल्या. दोन हजार साली राज्य नवं झालं, गाव राजधानी झालं, फाटकावरची पाटी नव्यानं रंगवली गेली. बाई मात्र त्याच स्टुलावर बसून जंतू मोजत राहिल्या. लॅबमध्ये सगळे त्यांना वानखेडे दीदी म्हणत. घराच्या आसपास, मराठी बायकांत, त्या भामामावशी होत्या. या दोघींची एकमेकींशी ओळख आहे हे कुणाला कधी सांगायची वेळच आली नव्हती.

भामामावशींचं नाव झालं ते फिटकरीमुळे. तुरटीला तिकडे मराठी माणूससुद्धा फिटकरीच म्हणतो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बाईंच्याच अंगावरून पांढरं जाऊ लागलं होतं. सांगणार कुणाला? सासूला सांगायची लाज, आणि डॉक्टर पुरुष. मग त्यांनी लॅबमध्ये गुपचूप प्रयोग केला. वाढवलेल्या जंतूंवर फिटकरीचं पाणी घातलं, दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर सगळे मेलेले. झालं! पाळीनंतर चौथ्या दिवशी न्हाताना एक तांब्या कोमट पाणी घ्यायचं, त्यात फिटकरीचा खडा फिरवायचा आणि त्या पाण्यानं आतपर्यंत धुवायचं, असा नेम त्यांनी स्वतःला लावून घेतला. महिन्या-दोन महिन्यांत त्यांना बरं वाटलं. आपोआपच वाटलं असेल, पण श्रेय फिटकरीला मिळालं.

मग काय, गल्लीत नवी सून आली की भामामावशी तिला बाजूला घेऊन कानमंत्र देत. "मी डोळ्यानं पायलं आहे पोरी, एक जंतू उरत नाई." वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, या गाईजवळ तर सरकारी सूक्ष्मदर्शक होता. कोण कशाला शंका घेणार? बूढापाऱ्यातून मंत्र पुरानी बस्तीत गेला, मराठीतून हिंदीत गेला, आणि लेकीबाळींबरोबर आसपासच्या गावांतही पोचला.

त्यांना एकच मुलगी, पूर्णिमा. तिला वयात येताच हा नेम लागला. तिचं लग्न जवळच्याच अभनपूरच्या संग्रामशी झालं. संग्रामचा बियाण्यांचा व्यापार, माणूस सरळ, सासरी काही कमी नाही. पण सहा वर्षांत पूर्णिमाचे दोन गर्भ गेले, दोन्ही पाचव्या महिन्यात. तपासण्यांत दोष सापडला नाही. दुसऱ्या वेळी बाई दवाखान्याच्या खाटेशी उभ्या राहून पोरीला म्हणाल्या होत्या, "स्वच्छता पाळ. बाकी देवाच्या हातात." आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते, तिसरा महिना लागला होता, आणि आई-लेक दोघी पाचव्याचं नाव काढत नव्हत्या.

अशातच लॅबमध्ये डॉक्टर कौमुदी आली. बत्तीस वर्षांची, मूळ घराणं नागपूरचं, जन्म रायपूरचा. मराठी पूर्ण कळे, पण तोंडातून निघायची हिंदी. गर्भार बायकांच्या अंगावरच्या स्रावातले जंतू पाहायचं संशोधन तिनं हाती घेतलं होतं, आणि त्यासाठी तिला सगळ्यात सराईत हात हवे होते. ते वानखेडे दीदींचे निघाले. निवृत्तीला वर्ष उरलं असताना पोरीच्या वयाची साहेबीण मिळाली म्हणून बाई आधी जरा फुगल्याच. पण पहिल्याच दिवशी कौमुदीनं त्यांना सूक्ष्मदर्शकातून लांबट जांभळ्या कांड्या दाखवल्या आणि म्हणाली, "दीदी, ये अपने चौकीदार हैं. जितने ज्यादा, उतना अच्छा."

बाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "जंतू? अन् चौकीदार?"

"दही जमाते हैं न, उन्हीं के रिश्तेदार. आंबटपणा बनाते हैं, उस खटास में बुरे वाले टिक नहीं पाते."

पस्तीस वर्षं ज्याला मारण्यात हयात घातली त्याचं कुणी आपल्यासमोर कौतुक करतंय, हे गिळायला बाईंना दोन दिवस लागले. पण कामात कुचराई त्यांच्या रक्तात नव्हती. कौमुदी सांगेल तसं त्या या कांड्या काचेच्या छोट्या थाळीवर पसरत, आतली हवा कमी व्हावी म्हणून मेणबत्ती पेटवून झाकण घट्ट केलेल्या डब्यात ठेवत, आणि सकाळी थाळीवर दुधावरच्या पातळ सायीसारखा थर धरलेला असे.

काही थाळ्यांत मात्र त्या सायीला बारीक बारीक गोल भोकं पडत. अगदी साफ. बाईंना वाटलं, आपला हात थरथरायला लागला की काय? लोक म्हणतील म्हातारी झाली. त्यांनी त्या थाळ्या गुपचूप उकळायला टाकल्या आणि नव्या केल्या. पुन्हा भोकं. पुन्हा उकळल्या. असं तीन आठवडे चाललं. शेवटी राहवेना तेव्हा एक थाळी घेऊन त्या कौमुदीपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, माह्याच्यानं आता हे काम होत नाई. माझा हात गेला."

कौमुदीनं थाळी उजेडात धरली आणि डोक्याला हात लावला. "दीदी! ऐसी कितनी फेंक दीं?"

"वीस-बावीस."

"अरे, मैं यही तो ढूँढ रही हूँ!" मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिनं जे सांगितलं ते बाई स्टूल ओढून ऐकत बसल्या. त्या भोकांत विषाणू होते. माणसाला लागणारे नव्हेत, जंतूंना लागणारे. ते चांगल्या कांडीत शिरतात, आत आपली पिल्लावळ वाढवतात आणि कांडी फोडून बाहेर पडतात. काही तर आत वर्षानुवर्षं दडून बसतात आणि कधीतरी उठतात. चौकीदार असे मेले की जागा मोकळी होते आणि वाईट जंतू घुसतात, अशी कौमुदीला शंका होती. पुरावा गोळा करणं चाललं होतं.

"म्हणजे जंतूलेबी रोग होते?"

"होता है, दीदी."

घरी येऊन त्यांनी दिवाकररावांना हे सांगितलं. ते पेपरमागून म्हणाले, "चला, म्हणजे जंतूंचेबी दवाखाने काढा आता." बाईंना हसू आलं नाही. त्या रात्रभर अचंब्यात होत्या. पण माणसाचं कसं असतं, अचंबा शास्त्राचा वाटतो, आपल्या न्हाणीघरापर्यंत विचार जात नाही. फिटकरी त्यांच्या मनातसुद्धा आली नाही.

ती आली एका मंगळवारी. सकाळी त्यांनी काचपट्ट्या तपासल्या. एक्केचाळीस नंबरची पट्टी पाहून त्या खूश झाल्या. चांगले नाहीत, वाईट नाहीत, नुसत्या गुलाबी पेशी आणि मोकळं रान. जुन्या सवयीनं त्यांनी वहीत लिहिलं, 'साफ'. कौमुदीनं येऊन पट्टीत डोकावलं, आणि वहीतला तो शब्द खोडला.

"ये साफ नहीं है दीदी. ये उजाड़ है. घर में चौकीदार ही नहीं. जो चाहे घुस जाए."

बाईंना शब्द लागला. पस्तीस वर्षांत त्यांनी किती पट्ट्यांवर 'साफ' लिहिलं असेल आणि बायकांना हसून 'काळजी नाई' म्हणून घरी पाठवलं असेल, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात सुरू व्हायच्या आतच दुपार झाली, आणि कौमुदी फॉर्मचा गठ्ठा घेऊन बसली. प्रत्येक बाईकडून तिनं फॉर्म भरून घेतला होता. नाव नाही, फक्त नंबर. त्यात एक प्रश्न होता, आतून धुता का, कशानं धुता, आणि कुणी सांगितलं.

"दीदी, एक बात बताइए," कौमुदी फॉर्म चाळत म्हणाली, "आप तो यहाँ की पुरानी हैं. ये भामामौसी कौन है?"

बाईंच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली.

"हर चौथे-पाँचवें फॉर्म में यही. फिटकरी का पानी, भामामौसी ने बताया. किसी की सास को बताया, किसी की माँ को. इस औरत ने तो आधे शहर को उजाड़ दिया. मिले तो मैं पाँव पकड़ूँ कि अम्मा, बस करो." आणि मग एक कागद पुढे सरकवत, "और ये एक मराठी में है. अक्षर बारीक है, आप पढ़ दो न. सुबहवाली, इकतालीस नंबर."

बाईंनी कागद घेतला. पहिली ओळ पाहिली आणि त्यांनी अक्षर ओळखलं. रायपुरात वाढलेल्या, हिंदी शाळेत शिकलेल्या पोरीला मराठी लिहिता यावं म्हणून त्यांनीच तिला पाटीवर रोज दहा ओळी काढायला लावल्या होत्या. तो 'ळ' त्यांनी हात धरून गिरवून घेतला होता. पूर्णिमा तपासणीला या संस्थेत येते हे त्यांना ठाऊक होतं. नमुना देऊन गेली हे ती बोलली नव्हती.

त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"आधी दोन वेळा गर्भ गेला, पाचव्या महिन्यात. आता तिसरा. आतून धुते. फिटकरीच्या पाण्याने. रोज, सकाळ-संध्याकाळ. आईने सांगितले."

'रोज' या शब्दावर त्या अडखळल्या. आपण तर चौथ्या दिवशीचं सांगितलं होतं. आणि दिवस गेल्यावर पाळीच नाही, तर न्हाणं कसलं? करायला गेले गणपती आणि झाला मारुती अशी म्हण आपण दुसऱ्याच्या फजितीला हसत वापरतो. इथे हसणारं कुणी नव्हतं.

बोलल्या नसत्या तरी चाललं असतं. वानखेडे दीदी आणि भामामौसी एकच, हे कौमुदीला कुणी सांगणार नव्हतं. संध्याकाळी पोरीला फोन करून फिटकरी बंद करायला लावली असती, निवृत्तीचा हार घालून घेतला असता आणि इज्जतीनं घरी बसल्या असत्या. बाईंनी क्षणभर तसा विचार केला, आणि त्या विचाराचीच त्यांना शिसारी आली.

"भामामौसी मीच हाय, मॅडम," त्या म्हणाल्या. "अन् ही एक्केचाळीस नंबर माझी पोट्टी होय."

कौमुदी उठून उभी राहिली, मग बसली. मघाशी आपण काय काय बोललो ते आठवून ती लालबुंद झाली. "दीदी, मुझे... मला माहीत नव्हतं," ती त्यांच्याशी पहिल्यांदाच मराठीत बोलली.

"मलेच माहीत नव्हतं, तुमाले कुठून?" बाईंनी विचारलं, "ते दोन लेकरं मी मारले काय?"

कौमुदीनं खोटा धीर दिला नाही, हे तिचं मोठेपण. ती म्हणाली, सांगता येत नाही. फिटकरीनं चौकीदार मेले असतील, विषाणूंनी खाल्ले असतील, दोन्ही झालं असेल, किंवा गर्भ जाण्याचं कारण तिसरंच असेल. पण धुणं आजच्या आज बंद. वाईट जंतू आहेत का ते दर पंधरा दिवसांनी पाहू, असले तर औषध देऊ. "और एक बात. अभी उसको ये सब मत बताना. इस महीने में डर ठीक नहीं."

बाईंनी तिथूनच फोन लावला. "पूर्णिमा, फिटकरी बंद कर. आजपासून. एक थेंब नाई."

"काहून आई? तूच तो बोली थी..."

"डॉक्टर म्हणते. बंद म्हणजे बंद."

त्यानंतरचे महिने बाईंनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. पोरीला सांगायचं नव्हतं, पण बाकीच्यांना सांगायला कुणी अडवलं नव्हतं. त्या बूढापाऱ्यात आणि पुरानी बस्तीत दारोदार फिरल्या. ज्या दारांत कानमंत्र दिला होता त्याच दारांत उभ्या राहून म्हणाल्या, "मी चुकीचं सांगितलं होतं. धुऊ नका. काही घालू नका. आतलं आपोआप साफ होते." बायका थक्क झाल्या. विजया नावाच्या शेजारणीनं तर हातातली परात खाली ठेवली. "काहून मावशी? वीस वर्षं करून राहिली मी. माह्या दोन्ही पोट्टींले शिकवलं!" एका म्हातारीनं दार लावून घेतलं, तिला वाटलं, भामा वयानं भ्रमली. बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारात हजर. इतकी वर्षं ज्या बाईनं ऐकवलं तिनं आता ऐकून घेतलं, टोमणे, शिव्या, रडणं, सगळं.

पाचवा महिना सुरू झाला तसं बाईंचं जेवण सुटलं. तपासणीत एकदा वाईट जंतू निघाले, औषध झालं, आणि पुढच्या पट्टीत चार-दोन जांभळ्या कांड्या दिसल्या. बाईंनी त्या पुन्हा पुन्हा पाहिल्या. ज्यांना मारायचे धडे गल्लीभर दिले, ते जगावेत म्हणून त्या त्याच स्टुलावर बसून देवाचं नाव घेत होत्या. पाचवा सरला. सहावा सरला. सातव्यात पूर्णिमा बाळंतपणाला माहेरी आली, आणि मग घरातच पहारा सुरू झाला. बोलायला येणाऱ्या बायकांना बाई दारातूनच परत पाठवत, न जाणो कुणी फिटकरीची कहाणी काढली तर. दिवाकरराव वैतागून म्हणाले, "घराले टाळं लावून टाक एकदाचं."

नववा लागून आठ दिवस झाले आणि पूर्णिमाला मुलगी झाली. बारीक होती, पण खणखणीत रडली. कौमुदी पाहायला आली, आणि बाईंच्या गळ्यात पडून रडली. हे आपल्या उपायानं झालं असं मात्र ती तेव्हाही म्हणाली नाही, कारण ते तिला ठाऊक नव्हतं.

सगळे आनंदात होते. बाई तेवढ्या सुतकी चेहऱ्यानं वावरत होत्या. आता सांगायचं होतं. पोरगी धडधाकट होती, डर उरला नव्हता, सबबही उरली नव्हती. सांगितल्यावर पूर्णिमा काय करेल? आपल्या हातात ही नात पुन्हा देईल का? आज सांगू, उद्या सांगू करत दहा दिवस गेले.

अकराव्या दिवशी सकाळी त्या बाळंतिणीला न्हाऊ घालत होत्या. अंगाला तेल लावून झालं होतं, कढत पाण्याची बादली शेजारी होती. पूर्णिमा पाटावर पाठमोरी बसून सवयीनं म्हणाली, "आई, अब तो फिटकरी डाल सकते न? आता तर झालं सगळं."

बाईंनी तांब्या खाली ठेवला. आणि तिच्या पाठीशी बसूनच त्यांनी सगळं सांगितलं. लॅबमधले जांभळे चौकीदार, त्यांना खाणारे विषाणू, उजाड पट्टी, बारीक अक्षरातला तो कागद, आणि त्या दिवशी डॉक्टरला विचारलेला प्रश्न. "डॉक्टर म्हणते सांगता येत नाई," त्या म्हणाल्या. "पण मी तुले तोंड दाखवायच्या लायकीची नाई. ते दोन लेकरं कदाचित माह्या हातानं गेले. तुले जे बोलायचं ते बोल."

पाणी निवत चाललं. बाईंना वाटलं, ही आता उठेल, लेकरू उचलेल आणि अभनपूरची बस धरेल. धरू दे. तो तिचा हक्क आहे.

मग पूर्णिमा हळूच वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बाईंना आधी कळेचना ते काय आहे.

"तू चौथ्या दिवशीचंच सांगितलं होतं, आई," ती म्हणाली. "रोजचं मी सुरू केलं. पहिला गेला तेव्हा मला वाटलं, मैंने ठीक से साफ नहीं किया होगा. दुसरा गेला आणि तू खाटेजवळ येऊन म्हणालीस, स्वच्छता पाळ. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ करत होते. आग व्हायची, तरी करत होते. संग्रामला जवळ येऊ द्यायची लाज वाटायची मला. किसी को बोला नहीं." तिनं मान वर केली. "आई, म्हणजे मी घाण नव्हते?"

सत्यभामाबाईंनी जंतूंबद्दल ऐकून जेवढे धक्के खाल्ले होते, ते सगळे एकत्र केले तरी या प्रश्नाएवढे झाले नसते. पोरीचे गर्भ गेले त्याचा दोष फिटकरीचा की विषाणूंचा, हे शास्त्र पुढेमागे ठरवील. हे मात्र कुठल्या काचपट्टीवर दिसलं नसतं, आणि ते कुणी केलं हे ठरवायला डॉक्टर लागत नव्हता.

त्यांनी ओल्या हातांनी तिचं तोंड धरलं.

"नाई गं माय," त्या म्हणाल्या. "तू कधीच नव्हतीस."

तीस वर्षांच्या पोरीला हे त्या पहिल्यांदाच सांगत होत्या.